आतून तापलेली गंजी

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. पण ओल्या गवताचा वास आला की तुम्ही समोर उभे राहता. छावणीतल्या गवताच्या वखारीत तुम्ही मुकादम, आणि नवऱ्यानं टाकलेली तुमची लेक मी तुमच्याच हाताखाली गाठींना तारा आवळते आहे. लष्कराच्या खेचरांसाठी गवत जायचं. तुम्ही मूठभर गवत कानाशी नेऊन पिळायचात. कुरकुरलं तर दाबायला, नुसतंच वाकलं तर परत उन्हात. ओल राहिलेली गाठ आतल्या आत तापते, गवत तंबाखूसारखं काळपट होतं, जनावर ते चवीनं खातं पण अंगी काही लागत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं. तुम्हाला ठाऊक नसतं तर गोष्ट वेगळी होती.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती. त्या साली पिशोरकडून आलेलं गवत वाटेत भिजलं. लष्कराची तपासणी जवळ आलेली, वखारीच्या मालकाला गाठी हव्या होत्या. तुम्ही ते तसंच दाबायला लावलंत, ओल्या गाठी गंजीच्या पोटात रचल्यात आणि बाहेरून कोरड्या लावल्यात. माझ्या शेजारी सिल्लोडची खाला काम करायची. तिचा नवरा पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घरातून गेला तो परतलाच नव्हता. सहाव्या दिवशी ती तुमच्यापुढं येऊन म्हणाली, "मुकादमसाब, गंजी गरम हो रई. आतल्या गाठी उपसा, नाय तर समदं जळल."

"लई कळतं व्हय तुला? किती गरम हाय, सांग बरं," असं म्हणत तुम्ही तिचं मनगट धरलंत आणि दोन गाठींच्या फटीत तिचा हात खांद्यापर्यंत घातलात. घातलात आणि दाबून धरलात. ती आधी "या अल्ला" म्हणाली, मग नुसतीच ओरडत राहिली. आम्ही सगळ्या बाया हातात तारा घेऊन बघत होतो. हात बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत लालबुंद झाला होता, आणि तुम्ही विचारलंत, "भाकर भाजली का?" दोघीतिघी हसल्या. मीही हसले.

गंजीला गुळासारखा गोड वास सुटला, सकाळी तिच्यातून वाफ निघायला लागली, तरी तुम्ही हात लावू दिला नाहीत. तिसऱ्या आठवड्यात, तपासणीच्या आदल्या दिवशी, काळ्या गाठी काढून लपवायच्या म्हणून भर दुपारी गंजी उघडायला लावलीत. आत वारा शिरला आणि गाठींनी आपोआप पेट घेतला. निम्मी वखार गेली, मागं बांधलेली दोन खेचरंही गेली. त्यांचं ओरडणं बाजारापर्यंत ऐकू आलं म्हणतात.

पोलीस आले. आग कशी लागली, असं त्यांनी विचारल्यावर तुम्ही खालाकडं बोट दाखवून म्हणालात, "ही बाई गंजीपाशी होती." मग मला विचारलं. मी म्हणाले, "खालाच्या हातात बिडी होती." खाला बिडी कधी ओढत नव्हती. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि तशीच तिला घेऊन गेले. दोन महिन्यांनी सुटली, पण छावणीत तिला कोणी कामाला उभं केलं नाही. तुमची मुकादमी मात्र टिकली, आणि तुमच्या घरातली माझी जागाही.

तुम्ही गेल्यानंतर सिल्लोडच्या बाजारात ती मला भेटली. त्या हाताची कातडी आक्रसून चकाकत होती. तिनं एवढंच विचारलं, "तू ऐसा क्यों बोली गं?"

मी म्हणाले, "अप्पांनी बोलायला लावलं."

"जालिम होता तुझा बाप," ती म्हणाली आणि भर रस्त्यात तुम्हाला शिव्याशाप देत राहिली. तुमच्या कबरीत, चितेत, जिथं असाल तिथं किडे पडोत म्हणाली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, वर डोळेही पुसले. पुढं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी हेच सांगत आले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. चूल पेटलेलीच आहे. तुम्ही जालिम होतात, त्यातला एक शब्दही मी मागं घेणार नाही. पण अप्पा, त्या दिवशी तुम्ही मला काहीच शिकवलं नव्हतं, नुसतं माझ्याकडं बघितलंही नव्हतं. बिडी माझी मलाच सुचली.