वर्षातून एकदा दाखवायचा राजा

नाना, आज तुमच्यावर राग काढायला बसलोय. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आता तुम्हाला ऐकू जायचं नाही, हे मला कळतं. पण होतात तेव्हा तरी कुठं कुणाचं ऐकत होतात? सकाळी गावात झेंडावंदन झालं. दोरी तुमच्या सुनेनं ओढली. सरपंचपद पुन्हा बाईला सुटलंय आणि यंदा ते आपल्याच घरात आलंय. आई पुढच्या खुर्चीवर बसली होती. घरी आल्यावर मला म्हणाली, "बरा चढविला झेंडा तिनं. मला बी तुझ्या नानांनी आसाच शिकविल्ता." एवढं बोलून ती चपला काढून आत गेली. तेव्हापासून तुम्ही शाळेत शिकवलेल्या विजयनगरच्या धड्यातला तो सदाशिवराय माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी सातवीत होतो तेव्हा आई सरपंच होती. होती म्हणजे काय, पाटीवर नाव तिचं होतं. सरपंचाचा शिक्का तुमच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. त्याची जांभळी शाई खिशातून बाहेर फुटायची आणि दर रविवारी आई तो डाग दगडावर घासत बसायची. तिच्या सहीच्या कागदांवर आधी शिक्का पडायचा, मग तिची सही, आणि कागदात काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवायचं नाही. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला मात्र तिला नवी साडी, खुर्ची, हार. तुम्ही स्वतः वाकून तिच्या हातात झेंड्याची दोरी द्यायचात. लोक म्हणायचे, मास्तरांनी बाईला काय मान दिलाय.

एकदाच ती बोलली. मार्च सरत आला होता, गावाला टँकर सुरू झाला होता. पाथर्डीकडून टँकर यायचा तो वेशीतून शिरून पुढच्या आळीतच रिकामा व्हायचा. मागं माळावर ऊसतोडीला जाणाऱ्यांची वस्ती. तिथं त्या दिवसांत म्हाताऱ्या आणि लेकरंच मागं राहिलेली, त्यांच्या हंड्यात थेंब पडायचा नाही. ग्रामसभेत आई उठली आणि म्हणाली, "टँकर आदी वस्तीवर जाईल. मग गावात." पुरतं बोलून मगच ती बसली. मला काय वाटलं ते आज सांगतो, मला ती लई मोठी वाटली. त्याच दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही उभ्याउभ्याच तिला विचारलंत, "तुला कुणी बोलायला सांगितलं होतं?" ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, मग तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी टँकर पुन्हा वेशीतूनच आला, कागदावर शिक्का मारून तुम्ही तसं ठरवलं होतंत. वस्तीवरच्या म्हाताऱ्या रिकामे हंडे घेऊन दारात आल्या. "बाई, तुमीच तर सभेत सांगितल्तं," म्हणाल्या. आईनं आपल्या घरातला पिंप उपसून त्यांचे हंडे भरले. तुम्ही शाळेतून आलात तेव्हा हात धुवायला पाणी नव्हतं. त्यावरून काय काय बोललात ते मी इथं लिहीत नाही.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला विजयनगर शिकवलंत. हे मला अजून पचत नाही. विजयनगर आलं की तुमच्या अंगात यायचं. चार बोटं, चार घराणी: संगम, साळुव, तुळुव, अरविडू. हरिहर आणि बुक्क हे भाऊ, मग साळुव नरसिंहानं धन्याची गादी कशी घेतली, मग तुळुवांनी साळुवांची कशी घेतली. कृष्णदेवराय शिकवताना तुमचा आवाज भरून यायचा. सगळा राग मात्र त्याच्या जावयावर, रामरायावर. गादीवर सदाशिवराय बसलेला आणि कारभार रामरायाच्या हातात. खऱ्या राजाला पहाऱ्यात ठेवायचं, वर्षातून एकदा लोकांना दाखवायचं, त्या दिवशी सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत आत घालायचं. तुम्ही फळ्यावर 'नामधारी' असं एवढं दाबून लिहिलंत की खडू मोडला. आपल्या नगरच्या निजामशहानं लढाईत रामरायाचं डोकं उडवलं, हे सांगताना कुणाची बाजू घ्यावी ते तुम्हाला कळत नव्हतं, पण "भोगलं बेट्यानं" असं म्हणालात. पुढं रामरायाचा भाऊ खजिना हत्तींवर लादून पेनुकोंड्याला गेला आणि जाताना सदाशिवरायालाही घेऊन गेला. त्याला कुणी विचारलं होतं का, येतोस का म्हणून? पुढच्या ओळीला तुमच्या फळ्यावर थेट चौथं घराणं, सदाशिवरायाचं नावच नाही.

धडा संपला की तुमचा एक ठरलेला प्रश्न असायचा: "हे आपल्याकडं कुठं दिसतं?" तटबंदी शिकवली की पोरं गावाची वेस सांगायची, जकात शिकवली की घोडेगावच्या बाजारातली पावती. त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. टोमणा मारायचा नव्हता हो नाना. उत्तर येत होतं म्हणून वर केला. म्हणालो, "सर, सदाशिवराय म्हणजे आमची आई." वर्ग हसला. तुम्ही निरगुडीची छडी घेतलीत आणि माझ्या दोन्ही हातांवर दोन-दोन दिल्यात. उत्तर चुकलं असतं तर मी विसरलोही असतो. घरी आईनं तळव्यांना खोबरेल लावलं आणि कशापायी मारलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, सनावळी चुकली.

तुम्ही अडाणी असतात तर मी तुम्हाला कधीच माफ केलं असतं. पण तुम्हाला सगळं कळत होतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या, कुठल्या कुठल्या राजासाठी तुमचा गळा दाटून यायचा, आणि चुलीपुढं बसलेली बाई तुम्हाला दिसत नव्हती. दिसत नव्हती कसली, दिसत होती म्हणून तर मला मारलंत. तुमच्या तेराव्याला लोक म्हणाले, मास्तरांसारखा इतिहास कुणी शिकवला नाही. मी मान डोलावली, पण मला थुंकावंसं वाटत होतं.

हे सगळं इथंच थांबवलं असतं तर बरं झालं असतं. पण मघाशी तुमची सून धुण्याचे कपडे गोळा करत होती. तिनं माझा शर्ट उचलला, खिसा बघितला आणि विचारलं, "अहो, ह्यो जांभळा डाग कसला?" मी म्हणालो, पेन फुटलं. ती म्हणाली, "बरं. आन् तो शिक्का ग्रामसेवकाकडून कधी मिळायचा? निवडून येऊन चार महिने झाले." मी म्हणालो, बघतो. आई शेजारीच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं एकदा शर्टाकडं बघितलं, मग सुनेला म्हणाली, "दगडावर घास, बाई. साबनानं न्हाई निघत त्यो."

शिक्का ग्रामसेवकाकडं नाही, नाना.