लंगडणारा हिरो

प्रिय धाकट्या,

तुझ्या सुतार दादाने सत्तरीत कॉलेजात नाव घातलंय, हे कानावर आलंच असेल. अ‍ॅनिमेशन आणि गेम बनवायला शिकतोय. हसू नकोस, डोकं आधीच उठलंय. कुणाकडे न शिकता जन्मभर खुर्च्या केल्या, एकही डुगडुगली नाही. आणि हा कॉम्प्युटरमधला माणूस दहा पावलं धड चालेना!

आमच्या बाई नातीच्या वयाच्या. म्हणाल्या, "आजोबा, हा डाव्या पायाने लंगडतोय. उद्यापर्यंत सरळ करा, नाहीतर नापास करीन हं."

"अहो, काही माणसं अशीच चालतात."

"गेममधल्या हिरोला उड्या मारायच्यात, आजोबा!"

घरी येऊन चरफडत दोन बटणं दाबली. माणूस ताठ चालायला लागला. चालत होता छान, पण मला बघवेना. तो तू राहिला नव्हतास. मग परत होता तसा केला.

चाल तुझीच आहे रे, नकळत हातातून उतरली. लहानपणी तू शिडीवर असताना मी ती गंमत म्हणून हलवली, तू पडलास, पाय कायमचा अधू झाला, आणि तू आईला सांगितलंस, "माझाच पाय घसरला." साठ वर्षं सगळ्यांना तेच सांगतोयस. एकदा तरी माझ्यावर ओरडायचंस, गाढवा!

उद्या बाईंना कुठला दाखवू? तुला विचारायचं तर हे पत्र टपालपेटीत टाकावं लागेल, आणि तेवढी छाती अजून झालेली नाही.

तुझाच,
दादा