पट्टीखालचं बटण

४ मार्च

ती. दादास सा. न.

तुझं पार्सल पोचलं. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचं ते नखाएवढं डोकं, तुझं लाडकं कार्ट्रिज, बसवताना माझी तारांबळ उडाली. आवाज वाढवणारा तो डबा, प्रीअ‍ॅम्पही जोडला. त्याच्या बटणावर तू चिकटवलेल्या पट्टीला हात लावला नाही, तुझा धाकच तेवढा! पण बाबा म्हणतात, व्हायोलिनचे वरचे सूर फाटतात. मला काही कळत नाही, आपला कान यथातथाच. ते मात्र शिकवणी थांबवून तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावतात. काय करू?

लोभ आहेच, तो उत्तरातही दिसू दे.

तुझी ठमी

११ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

यंत्रात खोट नाही. बावीस वर्षं हेच करतोय; प्रीअ‍ॅम्प आठवडाभर माझ्या टेबलावर वाजवून मगच पाठवला. फाटतोय तो सूर नाही, बाबांचे कान गेलेत. लहानपणी माझा एक सूर हलला की व्हायोलिनचा गज बोटांवर मारायचे, म्हणायचे बहिऱ्याने वाजवू नये. आता लोकांच्या पोरांना कुठल्या कानांनी शिकवतायत? हे पत्र त्यांना वाचून दाखव.

तब्येतीला जप.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार लिहायला हात होत नाही. पत्र मी वाचून दाखवलं, माझीच अक्कल गहाण पडली होती.  दुसऱ्या दिवशी बाबांनी सातही विद्यार्थ्यांना दुसरीकडे जायला सांगितलं आणि व्हायोलिन देऊन टाकलं.

काल कोपऱ्यावरचा रेडिओवाला आला. त्याने पट्टी सोलली. बटण क्षीण आवाजाच्या कार्ट्रिजसाठी लावलेलं, आणि तू पाठवलंस ते दणकट. मुळातला मोठा आवाज प्रीअ‍ॅम्प आणखी दहापट फुगवत होता, म्हणून फाटत होता. बटण सरकवलं आणि फरक मलासुद्धा कळला. आता तूच लिही त्यांना.

ठमी

९ एप्रिल

ती. बाबांस शि. सा. न.

चूक माझी. माझ्या टेबलावरचं कार्ट्रिज क्षीण होतं. तुमच्यासाठी दुसरं घेतलं आणि बटण बदलायचं विसरलो. तुमचे कान माझ्यापेक्षा तल्लख आहेत. शिकवणी पुन्हा सुरू करा, मी पाया पडतो.

आपला अपराधी

१८ एप्रिल

ती. दादास,

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचून घेतलं. रेकॉर्ड लावली, छान वाजतंय म्हणाले, पण पुढे म्हणाले, माझ्या कानांवर आता कुणी विसंबू नये. मी चिडले, बटण इकडेतिकडे करून दाखवलं. तर हसले. म्हणाले, पहिलं पत्र त्याने रागात लिहिलं, म्हणजे खरं लिहिलं. हे मायेनं लिहिलंय. माया पोचली, असं तुला कळवायला सांगितलंय.

ठमी