डाव्या खिशाखालचं रफू

३ एप्रिल, पुलगाव
आले एकदाची! खोली ऐसपैस, पंखा नवा आणि घरमालक प्रभाकरराव कमी बोलणारे. निवृत्त बाईला आणखी काय हवं? भाडेकरारावर झोकात सही केली : मंजुषा भिवाजी ताकसांडे. लग्न केलं नाही, त्यामुळे बाबांचं नाव शाबूत राहिलं.

खाली प्रभाकररावांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, आता बंद आहे. बाबांचा वर्दीतला एकुलता एक फोटो तिथलाच, सेहेचाळीस सालचा. म्हणून तर ही जागा घेतली. चौदा तारखेला विहारासमोर दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या नावांची शिळा बसतेय आणि तिच्यावर बाबांचं नाव नाही. समितीवर माझा मामेभाऊ नागसेन. म्हणतो, "ताई, फुफाजी टेलर होते. वर्दी शिवली असन त्याईनं!" बाबांना ना गाव होतं ना गोत, एक दिवस गाडीतून उतरले आणि दुकान टाकलं, एवढंच म्हणे लोकांना ठाऊक. त्यांचं गाव पटकीत ओस पडलं होतं, यात बाबांचा काय गुन्हा? पुरावा नागसेनच्या तोंडावर मारणार आहे.

५ एप्रिल
फोटो भिंगाखाली धरला. टोपीच्या बिल्ल्यावर उभा स्तंभ. म्हणजे महार रेजिमेंट, अगदी सुरुवातीची. खाकी बुशकोटाची दुसरी गुंडी गायब. आणि डाव्या खिशाखाली रुपयाएवढं रफू! इतके बारीक टाके फक्त बाबांचेच. गोळी लागली आणि पठ्ठ्यानं कोट स्वतःच दुरुस्त केला.

बाबांनी जन्मात कुणाच्या कपड्याला डावा खिसा लावला नाही. कॉन्व्हेंटात माझ्या ब्लाउजचा खिसा उजवीकडे म्हणून सिस्टरनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आज कारण कळलं. अभिमान वाटला.

६ एप्रिल
खालच्या स्टुडिओत कोट सापडला! फोटो काढून झाल्याबरोबर बाबांनी तो उतरवला, तो पुन्हा न्यायला आलेच नाहीत म्हणे. फेकवेना म्हणून प्रभाकररावांच्या वडिलांनी पेटीत ठेवला. बाहेर भर उन्हाळा, चव्वेचाळीस डिग्री, आणि कोट गार. दमट. चिखलाचा वास.

घालून पाहिला. माझ्यासाठीच बेतल्यासारखा बसला. तसाच फोटो काढून बाबांच्या फोटोसोबत नागसेनला पाठवला. स्वयंपाकाच्या अनुसयाबाई दारातच थबकल्या. म्हणाल्या, "मॅडम, काढा तो. मेलेल्या मान्साचे कपडे कोनी आंगात घालते का?" माझ्या बापाचा आहे, म्हटलं. आपल्या पोळ्यांकडे बघा.

८ एप्रिल
नागसेनचा फोन. बिल्ला पटला त्याला. फक्त एक विचारलं : गोळी लागली, तर वण कुठं होता?
होता, मी म्हणाले. छातीवर, डावीकडे. मी पाहिलाय.
नाव मंजूर झालं.

वण नव्हता. शेवटचं वर्षभर बाबांना मीच आंघोळ घालत होते. छाती लहान मुलासारखी स्वच्छ. हे मला आधी कसं सुचलं नाही?
मग त्या कोटात गोळी कुणाला लागली?

९ एप्रिल
भर दुपारी फरशीवर ओल्या बुटांचे ठसे. दारापासून खुर्चीपर्यंत. खुर्चीवर कोट. परत जातानाचे ठसे नाहीत.
प्रभाकररावांना हाक मारली. ते वर येईपर्यंत सगळं वाळलं होतं. वय झालं की असं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. माझं डोकं ठिकाणावर आहे, असं सुनावलं.

१० एप्रिल
अनुसयाबाई उद्यापासून येणार नाहीत. जिन्यात एक माणूस बसलेला पाहिला त्यांनी. खाकी पँट, वर नुसती बनियन, बूट चिखलानं भरलेले. "वरचा कपडा नाई त्याच्या आंगावर. देऊन टाका मॅडम त्याचा त्याले."
बनियनवर काही डाग होता का, असं विचारलं. त्या रडायला लागल्या.

११ एप्रिल
कोट खाली नेऊन पेटीत ठेवला, कुलूप घातलं. वर आले तर खुर्चीवर. ओला.
डाव्या छातीखाली दुखतंय. रुपयाएवढ्याच जागेत. आरशात पाहिलं — त्वचेवर बारीक, उभ्याआडव्या रेघा. टाक्यांसारख्या.

१२ एप्रिल
कोट जिन्यात ठेवला. घे म्हटलं. माफ कर म्हटलं.
त्यानं घेतला नाही. बूट कोटाला वळसा घालून वर आले —
कोट नको त्याला. मग काय —

१३ एप्रिल
नागसेनला खरं सांगितलं. वण नव्हता, मी खोटं बोलले. तो म्हणाला, ताई, शिळा कोरून झाली.

दुपार. दाराबाहेर उभा आहे. उंबऱ्याखालून पाणी येतंय —

आतून ओरडले. नाव सांग तुझं. बाबांचं खोडायला लावते, तुझं कोरायला लावते —

बोलला. हजेरी देतात तसा, सावकाश.
भिवाजी ताकसांडे.

म्हणजे शिळेवरचं नाव बरोबरच — हा कोट घालून, हे नाव घेऊन गाडीतून जो उतरला तो दुसराच — ज्याला मी आंघोळ —

दार उघडंय. कडी मी लावली होती —

आता तो मला विचारतोय. नाव. पूर्ण नाव.
मंजुषा.
वडिलांचं नाव