शेवटच्या बाकावरची सासू

पिंगळी, ४ जून २०२५

ती. दिनकरदादांना,

वैजीनाथचा नमस्कार. संक्रांतीपासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. (कारण शोधत बसलो तर खोटंच सापडेल, म्हणून देत नाही.) तुमची शुगर कशी आहे? वहिनी साखरेचा डबा अजून लपवून ठेवतात का?

इकडे माझा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग चालू आहे. सध्या फ्रेजल व्हर्ब. पहिला आठवडा मी फळ्यावर 'पुट'चं झाड काढलं. पुट ऑन, पुट ऑफ, पुट अवे, अशा सतरा फांद्या. बायका जांभया द्यायला लागल्या. (त्यांचा दोष नाही, मलाही आली होती.) मग ठरवलं, करूनच शिकवायचं. एकीने पुढे येऊन हुकूम सोडायचा, बाकीच्यांनी तसं वागायचं. स्टँड अप म्हटलं की उठायचं, सिट डाऊन म्हटलं की बसायचं.

घोटाळा इथेच झाला. वर्गात पंकजा आहे, बी.ए. झालेली, हुशार. तिला सोळा तारखेला एका शाळेत पहिलीच्या मुलांपुढे नमुना पाठ द्यायचा आहे आणि नोकरी त्यावरच ठरणार आहे. तिच्या सोबतीला शेवटच्या बाकावर तिची सासू, छबूबाई. आता सासूला 'ऊठ' कसं म्हणायचं? पंकजा पुढे आली, पदर सावरला आणि फळ्याकडे तोंड करून स्टँड अप म्हणाली. खडूला ऐकू गेलं असेल. तरी सगळ्या उठल्या. छबूबाईही गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या, तर ही धावत जाऊन त्यांना खाली बसवते! तीन संध्याकाळी हेच. छबूबाईंना बाहेर बसायला सांगावं असं माझ्या मनात आलं आणि लाजही वाटली. (सुनेला वर्गापर्यंत आणणारी बाई, तिलाच बाहेर काढायचं?)

काल त्याच कावल्या. "ए पंकजा, हितं मी सासू हाय का? पयलीतली पोरगी हाय मी! उठीव मला. तवर मी हालत न्हाई, अन् ह्या सरांना बी घरी जाऊ देत न्हाई!"

पंकजाने डोळे मिटले आणि 'स्टँड अप!' अशी गरजली की शेजारच्या गिरणीत दळणाची वाट बघत बसलेले दोघे उठून उभे राहिले. छबूबाई उठल्या. 'सिट डाऊन!' बसल्या. मग मात्र पंकजाला चटक लागली, दादा. अकरा वेळा उठवलं. शेवटी छबूबाईंनीच हात जोडले. "बास गं माय, लग्नापासूनचं समदं आजच काढायलीस का?"

तर पंकजाची काळजी मिटली. हा आनंद कळवायचा होता, बाकी काही काम नाही.

तुमचा,
वैजीनाथ

ता.क. ज्या शाळेत पाठ आहे, तिचे हेडमास्तर तुम्हीच. नोकरी द्या असं मी म्हणणार नाही. पाठ नीट पारखून घ्या.

ता.क. २. आज गुडघा सुजल्यामुळे छबूबाई आल्या नाहीत. पंकजाचा आवाज पुन्हा खडूपुरता. तेव्हा सोळा तारखेला छबूबाईंना शेवटच्या बाकावर बसू द्याल का? (त्यांना उठवणार नाही. निदान अकरा वेळा नाही.)

ता.क. ३. हे फोनवर सांगता आलं असतं. दोनदा लावलाही. पण तुम्ही "बोल" म्हणालात की मी सोयाबीनच्या बियाण्याचं विचारतो आणि ठेवून देतो.

(पत्राच्या पाठीवर, स्वतःसाठी टिपलेलं) उद्या : दादांना फोन. आधी विनंती, सोयाबीन नंतर.