ज्युलियस काकांच्या गाडीला डांबर

तारोडी, १० मे १९७३

प्रिय ज्युलियस काकांना फ्लोरिनचा नमस्कार.

पुण्याची नवी नोकरी बरी हाय ना? खोकला कसा हाय? देवाच्या दयेनं आमच्याकडं सगळे ठीक, फक्त मला कालपासून जेवण जात न्हाय.

काका, तुम्ही कुवेतहून आणून आमच्याकडं दिलेली गाडी बाबांनी काल ठाण्याला पासिंगला नेली (बर्फाच्या ट्रकच्या सवयीनं आधी उजवीकडं बसले आणि स्टिअरिंग शोधत राहिले, कुवेतच्या गाडीला ते डावीकडं असतं). कागदांची पिशवी धरायला मला घेतलं. पासिंगच्या साहेबांनी बॉनेट उघडलं. आत लोखंडावर कोरलेला नंबर असतो म्हणं, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं उतरवतात. पण तिथं नुसतं काळं डांबर! साहेब बोलले, नंबर कशाला लपवला, चोरीची हाय काय? बाबा बोलले, न्हाय साहेब, कुवेतला असंच लावून देतात. साहेबांनी नखानं खरवडलं तर डांबरात मासळीचा खवला. "हा पण कुवेतचा काय?"

सोमवारपर्यंत नंबर दाखवा, न्हायतर कस्टमला कळवतो, गाडी जप्त होईल, असं बोलले. मी पिशवी तोंडापुढं धरून उभी होते. आता बाबा सारखं बोलतात, सख्ख्या भावानं चोरीची गाडी माझ्या गळ्यात बांधली, ज्युलियसचं तोंड बघणार न्हाय. आई रडतेय. मोटारचा आवाज आला की मी जाळ्यांच्या ढिगात शिरते (सकाळी बाबांचाच ट्रक होता).

तुमची पुतणी,
फ्लोरिन

ता. क. डांबर मी लावलं. खाऱ्या वाऱ्यानं आत गंज चढलेला दिसला, होडीचं डांबर उरलं होतं, वाटलं होडी टिकते तर मोटार पण टिकंल. साहेबांसमोर तोंडच उघडलं न्हाय (सातवीत बाईंनी उभं केलं तेव्हा पण न्हाय, तेव्हाच शाळा कायमची सुटली). तर काका, डांबर लावायला तुम्हीच सांगितलं होतं असं बाबांना लिवा ना, पाया पडते.

आणखी ता. क. रॉकेल लावून घासलं. नंबर निघाला, पुरा हाय! हाच कागद ठेवून पेन्सिल फिरवली, मागच्या बाजूला उठलाय. दुसरा कागद होता घरात, तरी मुद्दाम हाच घेतला, म्हणजे नंबरासाठी पत्र बाबांनाच द्यावं लागंल. पुण्याला जाऊन उत्तर येईपर्यंत सोमवार उलटंल, आणि तोवर बाबा तुम्हाला शिव्या देत राहतील.

बाबा, पत्र तुमच्या सीटवर ठेवलंय. डावीकडच्या. वाचून झालं की हाका मारू नका. मी जाळ्यांत हाय.