शेवटचा पेपर की शिपायाची जागा

१२ एप्रिल, अमरावती
बँकेच्या शिपायांच्या यादीत माझं नाव! तीनदा पाहिलं. बारावीवर भरलेला फॉर्म, विसरूनही गेले होते. कायमची नोकरी, तीही आमच्या अकोल्यात. बाबांना फोन केला. बँकेचं नाव त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मग, "पेढे आणू का वं?"

१३ एप्रिल
जाहिरात नीट वाचली. 'उमेदवार पदवीधर नसावा.' तसं २२ला लिहून द्यायचं. बी.एस्सी.चा शेवटचा पेपर २१ला. पास झाले तर...
रूममेट वैशाली म्हणते, "लपव ना. कोण पाहून राहिलं?" पाहतात. तिच्याच गल्लीतल्या एकाला पदवी लपवली म्हणून काढलं.

१५ एप्रिल, अकोला
काल जयंती. मिरवणुकीत आई भेटेल त्याला सांगत होती, "पोरगी ग्रॅज्युएट होऊन राहिली." घरी आल्यावर तिला अट सांगितली. भांडण.
आई : "इतकं शिकून साहेबाले चहा देईल का ते?"
बाबा : "मी सतरा वर्षं कंत्राटावर पहारा देऊन राहिलो. उद्या येऊ नको म्हटलं तर? तिले कोणी तसं म्हणणार नाही."
आई जेवली नाही.

१८ एप्रिल, अमरावती
बँकेत फोन केला. नोकरी लागल्यावर पदवी घेता येईल? "परवानगी मागा. मिळेलच असं नाही." अन् निकालाआधी सही केली तर? "ते तुम्ही ठरवा, मॅडम."
मॅडम!

२० एप्रिल
बाबा अचानक होस्टेलच्या गेटवर. पहिल्या बसने आलेले. "तुयी आई बोलत नाही मायाशी." चहा घेतला. "मी आता काही म्हणत नाही. तुले वाटते ते कर. पण मले कोणी तुया वयात अशी जागा देली असती ना..." दुपारच्या बसने परत.

२१ एप्रिल
केमिस्ट्री. वैशालीचा सल्ला : पेपरला बस, पण कोरा दे. नापास झालं की प्रश्न मिटला.
अर्धा तास नुसती बसले. मग पहिला प्रश्न लिहिला. येत होता, म्हणून दुसराही. तीन वर्षं प्रॅक्टिकलला हात भाजून घेतले ते आठवलं. सगळे लिहिले. शेवटी खोडावेसे वाटले, पेन टेकवलंही. तेवढ्यात बाईंनी पेपर ओढून घेतला.
उद्या अकोल्यात सही. 'मी पदवीधर नाही.' उद्यापुरतं ते खरंच आहे.
बाबांचा फोन येऊन गेला. पेपर दिला का, ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सकाळी सहाची बस, एवढंच बोललो.